गोड्या पाण्यातली पाकट

वडगावच्या बाजारात भाजीवाल्या मावश्या मला लांबून बघितलं तरी तोंड वाकडं करतात. मी एक वांगं दहा वेळा फिरवते, देठ बघते, दाबून बघते आणि परत ठेवते. नवऱ्याने तर माझ्याबरोबर बाजारात यायचं केव्हाच सोडून दिलंय. पण माझाही इलाज नाही. वराळ्याजवळच्या एका कारखान्यात मी एकवीस वर्षं तपासणी विभागात आहे. गाड्यांचे सुटे भाग माझ्या टेबलावर येतात आणि मी त्यांच्यातली खोट शोधते. खोट सापडली की मला बरं वाटतं, आता ते कबूल करायला लाज कसली. त्यामुळे घरातल्या काचेच्या टाकीत पाकट पाळायची असं ठरवलं, तेव्हा आपली निवड चुकेल असं माझ्या मनातसुद्धा आलं नाही.

कोकणातल्या मासळीबाजारात चपटा, गोल, लांब शेपटीचा मासा पडलेला दिसतो, ती पाकट. तशीच गोड्या पाण्यातलीही असते. ती परदेशातल्या नद्यांमधली, पण हल्ली हौशी लोक घरी पाळतात. मासे पाळायचा नाद मला लग्नाआधीपासून. गोल्डफिश झाले, एंजल झाले, सगळं करून झालं. पाकटीसाठी मी तीन वर्षं थांबले होते. हॉलमधला दिवाण काढून तिथे सहा फुटी टाकी बसवली, तळाला बारीक वाळू घातली. दुकानदार सरळ थाप मारतात, ‘ही बशीएवढीच राहते हो ताई.’ राहत बिहत काही नाही. बशीएवढं दिसतं ते पिल्लू असतं, पुढे त्याची परात होते. मी सगळं वाचून, विचारून त्यातल्या त्यात लहान राहणारी जात ठरवली होती, अंगावर जाळीची नक्षी असलेली.

त्याच सुमाराला आई माझ्याकडे राहायला आली. वडील जाऊन चार महिने झाले होते. आंदर मावळातल्या आमच्या गावात ती त्या घरात एकटी उरली होती. एसटी यायची तर यायची, नाही तर तीन-चार किलोमीटर चालत जायचं. मला भाऊ नाही. मग तिला माझ्याशिवाय कोण आणणार? पण लेकीच्या घरी बसून खायचं तिच्या जिवावर आलं होतं. दिवसभर बाल्कनीत बसून राहायची आणि दर शनिवारी न चुकता म्हणायची, “आता मला गावाला सोड गं. हितं मला काय काम हाय?” मी कधी समजावायचे, कधी ओरडायचे. घरात केर काढायला बाई, पाण्याला नळ, पोळ्या माझ्या मी करायचे. खरंच तिला काही काम नव्हतं. पण तिकडे ती एकटी पडून राहिली असती आणि मला दोन दिवसांनी कळलं असतं. ती माझ्याकडे टिकायला हवी होती, बस्स. त्यापलीकडे मला काही नको होतं.

पाकट मी तिच्यासाठी आणली असं म्हटलं तर ते खोटं होईल. मी माझ्या हौसेसाठी आणली. लोणावळ्यात बाजाराच्या मागच्या गल्लीत एक माशांचं दुकान आहे. बंगलेवाल्यांच्या टाक्या तिथला दुकानदारच सांभाळतो. रविवारी जुन्या हायवेवर चिक्कीच्या दुकानांपुढे लावलेल्या गाड्यांतून वाट काढत तिथे पोचायलाच दीड तास गेला आणि माझं डोकं आधीच तापलं. त्याच्या टाकीत पाच पाकटी होत्या. मी दोन तास उभी होते. अंगाच्या कडा वर वळल्यात का? वळल्या असतील तर ती आजारी. शेपटीच्या मुळाशी दोन हाडं वर आलीत का? आली असतील तर ती उपाशी. डोळ्यांमागच्या भोकांनी श्वास घेते तो एकसारखा आहे का? मग त्याला म्हटलं, आता खायला घाला. तो म्हणाला, सकाळीच घातलंय. मी म्हटलं, परत घाला. त्याने कोलंबीचे तुकडे टाकले. चार पाकटी तशाच पडून राहिल्या. पाचवी सरकत आली, तुकड्यावर बसली आणि सरकली तेव्हा खाली तुकडा नव्हता.

“हीच द्या,” मी म्हटलं.

“ताई, मिलिटरीत भरती करताय का?” तो म्हणाला. त्याने पिशवीत प्राणवायू भरून ती बांधून दिली.

घरी आल्यावर आईने टाकीला नाक लावलं. “ह्ये कसलं गं मासं? थापलेल्या भाकरीवानी दिसतंय.” मग तासभर ती तिथून हलली नाही. पाकट काचेवर चढली की तिचं पांढरं पोट दिसतं आणि तोंड हसल्यासारखं दिसतं, ते बघून आई स्वतःशीच हसली. चार महिन्यांत ती पहिल्यांदा हसली. दुसऱ्या दिवशी मला विचारते, “हिला रोज काय करावं लागतं?”

मी म्हटलं, पाणी. टाकीतलं दोन बादल्या पाणी रोज काढायचं आणि दोन बादल्या नवं घालायचं. पण नळाचं थेट घालायचं नाही, त्यात औषध असतं. रात्रभर साठवून ठेवायचं आणि सकाळी घालायचं. बाल्कनीत मी त्यासाठी निळा प्लास्टिकचा पिंप ठेवला होता. आई म्हणाली, “येवढंच ना? मी करंन.”

आणि केलं की तिने. कारखान्यात माझी पहिली पाळी असायची. सहाला मी घराबाहेर पडायचे आणि दुपारी यायचे तेव्हा टाकी लख्ख असायची, काच पुसलेली, फरशी कोरडी. आयुष्यभर तिने ओढ्यावरून चढावर पाणी वाहिलं, दोन बादल्यांचं तिला काय. ती फोनवर गावाकडच्या मावशीला सांगायची, “माझ्या हाताखाली येक भाकर हाय, तिचं पानी मीच बघती.” शनिवार आला आणि गेला. गावाला सोड म्हणाली नाही. पुढच्या शनिवारीही नाही. मला वाटलं, सुटले.

पंधराव्या दिवशी पाकटीने कोलंबीला तोंड लावलं नाही. सोळाव्या दिवशी कडा वर वळल्या. अठराव्या दिवशी मी कामावरून आले तर आई टाकीसमोर खुर्ची टाकून बसली होती आणि टाकीवर पंचा टाकला होता.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी तशीच लोणावळ्याला फोन लावला आणि त्या माणसाला नको नको ते बोलले. आजारी माल गळ्यात मारला म्हटलं. तो शांतपणे ऐकून घेत होता, त्याचा मला जास्त राग आला. शेवटी म्हणाला, “ताई, पाणी एकदा बघा.” मी म्हटलं, “माझ्या घरचं पाणी मला शिकवू नका. मी तपासणीत नोकरी करते.” आणि मी तपासलं होतंच. माझ्याकडे त्या थेंब-थेंब टाकून रंग बघायच्या बाटल्यांची पेटी आहे. अमोनिया नाही. नायट्राइट नाही. आम्लता ठीक. क्लोरीन नाही. बाल्कनीतला पिंप रोज काठोकाठ भरलेला असायचा, तोही मी येता-जाता बघत होते. म्हणजे खोट मालात. मला हे इतकं स्वच्छ दिसत होतं.

दुसरी पाकट आणताना मी तीन रविवार घालवले. पहिल्या रविवारी एकही पसंत पडली नाही. दुसऱ्या रविवारी एक पसंत पडली, पण मी म्हटलं, हिला आठ दिवस इथेच ठेवा, मी परत येऊन बघते. तिसऱ्या रविवारी ती आणखी गुटगुटीत झाली होती. तिला घरी आणलं. आईने पुन्हा पाणी हातात घेतलं, पहिल्यापेक्षाही काळजीने. माझी पेटी रोज उघडली जायची आणि रोज सगळे रंग बरोबर यायचे. तरी तीन आठवड्यांत तिनेही खाणं टाकलं. कारखान्यात कुठल्या भागात खोट आली तर मी मशीनपर्यंत माग काढते. इथे काहीच हाताला लागत नव्हतं. मी नवऱ्यावर खेकसायचे, हॉलमध्ये अगरबत्ती का लावली म्हणून. शेजारच्या बिल्डिंगमध्ये रंगकाम चालू होतं, तिथल्या रंगाऱ्यांवर जाऊन ओरडून आले. ते बिचारे ब्रश हातात धरून माझ्या तोंडाकडे बघत राहिले.

दुसरी मेली त्या संध्याकाळी आई जेवली नाही. मी ताट घेऊन गेले तर म्हणाली, “माझाच पायगुन बरा न्हाई बाय. तिकडं तुझा बाप गेला. हितं आले तर ही दोन मुकी जनावरं गेली. मला गावाला सोड.”

मी ताट आपटलं. खरंच आपटलं, वरण सांडलं. म्हटलं, असलं पुन्हा बोललीस तर बघ. पायगुण म्हणे. दुकानदार चोर आहे, त्याला पायगुण काय करणार? पण रागावून तिच्या मनातलं जाणार थोडंच होतं. तिने आता टाकीकडे बघायचंही सोडलं, बाल्कनीतली खुर्चीसुद्धा फिरवून ठेवली. म्हणजे आता तिसरी पाकट मला आणावीच लागणार होती, आणि ती जगवावी लागणार होती. माझ्या हौसेची गोष्ट केव्हाच संपली होती. ती पाकट वर्षभर जगली असती तर आईच्या डोक्यातून ते पायगुणाचं खूळ गेलं असतं. दुसरा मार्ग मला दिसत नव्हता.

म्हणून तिसऱ्या वेळी मी तिला बरोबर नेलं. ती नको नको म्हणत होती. मी म्हटलं, तू निवड, तू हात लाव, बघू काय होतंय. कामशेतपासून गाड्यांची रांग, पुढे धुकं. लोणावळ्यात पोचलो एकदाचे. दुकानदाराने माझ्या शिव्या खाल्लेल्या, तरी आईला बघून स्टूल दिलं, चहा सांगितला. “बसा मावशी.” मी टाकीपुढे उभी राहिले आणि माझं सुरू झालं. हिची हाडं बघा, हिचा श्वास बघा, हिला खायला घाला. या खेपेला सात होत्या. पाच मी पहिल्या अर्ध्या तासात बाद केल्या. उरलेल्या दोघींमधली एक आईने बोटाने दाखवली. कोपऱ्यात वाळूत नुसते डोळे बाहेर काढून बसलेली. मी तिला सगळ्या अंगाने बघितलं. एकही खोट नव्हती. मला तर हायसंच वाटलं.

दुकानदाराने जाळी हातात घेतली आणि जाळी पाण्यात घालता घालता सहज विचारलं, “मावशी, घरी पाणी तुम्ही बघता का? साठवता कशात?”

आईचं तोंड उजळलं. कुणीतरी तिला तिच्या कामाबद्दल विचारलं होतं. “तांब्याच्या हंड्यात,” ती म्हणाली. “रातभर. हिनं पिंप ठिवलाय, पन त्या प्लास्टिकला वास मारतो. लहान जिवाला असलं पानी घालावं व्हय? पिंप मी भरून ठिवती हिला दिसाय, पन भाकरीला माझ्याच हंड्यातलं. चिंचंनं घासून लख्ख करती रोज.”

त्याचा हात थांबला. त्याने जाळी हळूच बाहेर काढली. मग त्याने माझ्याकडे बघितलं.

तो हंडा गावाकडनं तिच्याबरोबर आला होता. स्वयंपाकघरात ओट्याच्या कोपऱ्यात मी त्याला रोज बघत होते, येता-जाता पायाला लागायचा. आई त्यातलंच पाणी प्यायची. तांबं पाकटीला विष असतं. थोडंसुद्धा. हे मला माहीत होतं, मी वाचलं होतं. म्हणूनच तर माशांच्या औषधाच्या बाटल्यांवर मी तांब्याचं नाव शोधायचे आणि सापडलं की ते औषध घ्यायचे नाही. पण माझ्या पेटीत तांब्याची बाटली नव्हती, कारण आमच्या घरी टाकीत तांबं येणार कुठून? आणि चिंचेने घासलेला हंडा, वरचा थर निघून गेलेलं उघडं तांबं, त्यात रात्रभर मुरलेलं पाणी. दोन बादल्या. रोज.

माझ्या जागी दुसरी कुणी असती तर गप्प बसली असती. मावशी, पिंपातलं घाला इतकंच म्हणाली असती आणि हंड्याचं पुढे बघू म्हणून सोडून दिलं असतं. मी तिथल्या तिथे, त्या माणसासमोर बोलले, “अगं आई, तांबं विष असतं त्यांना. तूच मारल्यास दोन्ही.”

शेवटचं वाक्य तोंडातून गेलं तेव्हाच मला कळलं होतं. पण गेलं.

दुकानदार घाईघाईने म्हणाला, “मावशी, तुमची काय चूक नाही. कुणालाच माहीत नसतं.” आईने मान हलवली. चहाचा कप तिने अर्धाच ठेवला, पदर सारखा केला आणि उठली. पाकट आम्ही घेतली नाही.

गाडीत मी बडबडत होते. झालं ते एका अर्थी बरंच झालं, आता कारण कळलं, पायगुण बियगुण काही नाही, बघ, साधं तांब्याचं होतं. उद्यापासून पिंपातलं पाणी घालायचं, पुढच्या रविवारी हीच पाकट घेऊन जाऊ. मी तिला पटवत होते आणि मला खरंच वाटत होतं की पटतंय. ती खिडकीबाहेर बघत होती. कामशेत मागे पडलं तेव्हा म्हणाली, “तुझ्या बापाला बी मी त्येच पानी दिलं.”

मला क्षणभर कळलंच नाही.

“दोन वरसं,” ती म्हणाली. “त्यांच्या छातीचं दुखनं निघालं तवा शेजारची म्हनली, तांब्यातलं शिळं पानी काळजाला चांगलं असतं. मी रोज उठून हंडा घासायची. चिंच लावून. पहाटं तांब्याभर पाजायची. त्यांना नको असायचं. म्हनायचे, कसंतरी लागतंय. मी बळंच पाजायची.”

मी गाडी रस्त्याच्या कडेला घेतली. म्हटलं, आई, ते माशांचं. माणसाचं तसं नसतं. सगळं जग पितं तांब्यातलं पाणी. बाबांचं हृदयाचं होतं, डॉक्टरांनी सांगितलं होतं, नळ्या बंद झाल्या होत्या, रिपोर्ट मी वाचलेत. पाण्याचा काही संबंध नाही. तू उलट त्यांची सेवा केलीस. मी हे सगळं एका दमात बोलले, दोनदा बोलले, तिसऱ्यांदा जरा चढ्या आवाजात बोलले.

मग ती म्हणाली, तेही रागाने नाही, “तुला माशाचं तरी कुटं कळलं व्हतं? तू तर रोज बाटल्या काढून तपासत व्हतीस. हंडा तुझ्या डोळ्यासमोर व्हता. मासं मरंस्तवर तुला कळलं न्हाई. मग बापाचं न्हाई त्यातलं, ह्ये तुला कसं कळलं?”

एकवीस वर्षं मी लोकांचा माल परत पाठवतेय. मी गाडी सुरू केली.

घरी आल्यावर तिने हंडा रिकामा केला आणि बाल्कनीत उपडा घातला. तिची स्वतःची पाणी प्यायची रीतही मोडली. आता ती फिल्टरचं पाणी घेते, पेल्यात, आणि पिताना तोंड असं करते की मला बघवत नाही. मी आमच्या डॉक्टरांकडे तिला घेऊन गेले. त्यांनी नीट समजावून सांगितलं, हसले, म्हणाले, मावशी, असं असतं तर आमच्या आजीने आख्खं गाव मारलं असतं. तीही हसली त्यांच्यासमोर. बाहेर आल्यावर मला म्हणाली, “त्यांनी काय तुझ्या बापाला बघितलं व्हतं?”

आता चार महिने झाले. टाकीत पाणी फिरतंय, वाळू स्वच्छ आहे, आत कुणी नाही. दुकानदाराने एकदा फोन केला की ती कोपऱ्यातली अजून ठेवलीय. मी म्हटलं, विकून टाका. हंडा मी बाल्कनीतून आत आणला. रोज संध्याकाळी मी तो भरते आणि सकाळी कामावर जायच्या आधी तिच्यासमोर ओट्याशी उभी राहून तांब्याभर पाणी पिते. कसंतरीच लागतं, बाबा म्हणायचे ते खरं होतं. पण मी शेवटच्या थेंबापर्यंत पिते. ती बघते. पिऊ नको असं म्हणत नाही, आणि आता पटलं असंही म्हणत नाही.

गेल्या शनिवारी मीच तिला विचारलं. म्हटलं, आई, गावाला जायचं का? मी रजा टाकते, महिनाभर दोघी राहू तिकडे. घर उघडू, सारवून घेऊ. तिने मान हलवली.

“नको बाय,” ती म्हणाली. “त्या घरात आता मला पाऊल टाकवायचं न्हाई. हितंच ठिव मला.”

मला तिला इथेच ठेवायचं होतं, पहिल्यापासून. तेवढंच हवं होतं. मी तांब्या विसळून ठेवला आणि पाळीला गेले.